सुषेणाचं काम

करंजा खाडीच्या बाजूने पाहिलं की उरणचा द्रोणागिरी डोंगर सरळ अंगावर आल्यासारखा वाटतो. पायथ्याला ओएनजीसीचा प्रकल्प, थोडं पलीकडे जेएनपीटीच्या कंटेनरच्या रांगा, अलीकडे मिठागरं आणि खारजमिनी बुजवून सिडकोने वसवलेला द्रोणागिरी नोड. करंज्याकडे देवीचं देऊळ आहे. लक्ष्मणाला शुद्धीवर आणण्यासाठी मारुती जो पर्वत घेऊन निघाला होता त्याचा एक तुकडा इथे पडला, असं या भागातले कोळी आणि आगरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. ही कथा सगळ्यांनाच पाठ असते, पण तिच्यातली एक बाब आपण सहसा लक्षात घेत नाही. मारुतीने आख्खा डोंगर उचलला, कारण त्याला मुळी ओळखता येईना. अंगात ताकद होती, वेग होता, तळमळ होती. नेमकं काय हवं हे जाणणारा सुषेण वैद्य मात्र दूर, रणांगणात, लक्ष्मणाच्या उशाशी बसलेला होता.

रायगड जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत पूर आणि दरडी इतक्या वेळा आल्या, की त्यांचा इतिहास लिहायचा तर मदतीचाही इतिहास लिहावा लागतो. त्यात मारुतींची उणीव कधीच भासलेली नाही. महाड बुडालं, पोलादपूर तुटलं, चिपळूण चिखलात गेलं, की पनवेलच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या महामार्गाला टेम्पो-ट्रकची रांग लागते. प्रत्येक गाडीवर फलक, प्रत्येक गाडीत पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि कपडे. हे देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही हा इतिहास मी सुषेणाच्या बाजूने सांगणार आहे : कुठे, कुणाला, केव्हा आणि काय हवं, हे ठरवणाऱ्याच्या बाजूने.

आधी पाण्याची गोष्ट. कोकणातला पूर घाटावरच्या पुरासारखा नसतो. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात अशी श्रद्धा आहे. तिथून कृष्णा पूर्वेला वळते आणि वाई, कराड करत सांगलीला पोचते. धरणांचे विसर्ग, नदीची पातळी, पुढच्या गावाला इशारा, या सगळ्याला दिवस मिळतात. सावित्री पश्चिमेला वळते आणि तेराशे मीटरहून अधिक उंचीवरून घाट उतरून थोडक्या अंतरात जवळपास समुद्रसपाटीला येते. महाडजवळ तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात, आणि समोरून बाणकोट खाडीची भरती नदीत चढत येते. वरून महाबळेश्वरचं पाणी, बाजूने दोन नद्यांचं, खालून समुद्राचं. उधाणाच्या भरतीला घाटात मुसळधार पाऊस असला तर महाडच्या बाजारात पाणी भरायला रात्रही पुरते. महाडमध्ये सावित्रीची धोक्याची पातळी 6.50 मीटर आहे. ती ओलांडली की पेठेतले व्यापारी माल माळ्यावर चढवायला लागतात. ज्यांचा माळाही बुडला अशी वर्षं त्यांनी पाहिलेली आहेत.

जिल्ह्यातल्या इतर नद्यांचाही स्वभाव हाच. पनवेलची गाढी, रसायनीकडची पाताळगंगा, रोह्याची कुंडलिका, पाली-नागोठण्याची आंबा, या सगळ्या आखूड, उताराच्या आणि तोंडाशी भरती झेलणाऱ्या. 1989च्या जुलैत आंबा नदी एका रात्रीत फुगली आणि सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं. त्या गावात आजही काळ मोजताना पुराच्या आधी आणि पुराच्या नंतर असाच मोजतात. इशाऱ्याला दिवस नाहीत, तास आहेत, आणि तेही रात्रीचे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

पण आपल्या महसूल खात्याचा पिंड दुष्काळाचा. इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळसंहितेपासून 1972च्या दुष्काळापर्यंत या यंत्रणेने जे शिकून घेतलं ते हळूहळू येणाऱ्या संकटाचं शिक्षण होतं. पैसेवारी काढा, टंचाई जाहीर करा, कामं सुरू करा, चारा पोचवा. त्यात महाराष्ट्राने खरोखर मोठं काम केलं. रोजगार हमी त्यातूनच उभी राहिली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा क्षणात येणाऱ्या संकटाशी मोठी गाठ पडली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष आले, आराखडे लिहिले गेले. आराखड्याची फाईल कपाटात असणं वेगळं आणि मध्यरात्री तिच्यातला फोन लागणं वेगळं, हे कळायला जुलै 2005 यावा लागला.

26 जुलै 2005. हा दिवस मुंबईच्या नावावर नोंदला गेलेला आहे. सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याला 73. लोकल बंद पडल्या, मिठी नदी रस्त्यावर आली, माणसं गाड्यांमध्ये गुदमरून गेली. राज्यभरात एक हजाराहून अधिक मृत्यू झाले. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत दिवसरात्र मुंबई होती, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तो पाऊस मुंबईची हद्द पाहून पडला नव्हता. नेरळ-माथेरानची छोटी गाडी घाटातला मार्गच वाहून गेल्याने बंद झाली ती 2007पर्यंत सुरू होऊ शकली नाही.

आणि महाड तालुक्यात डोंगर खाली आले. 25 आणि 26 जुलैच्या दरम्यान जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण या गावांवर दरडी कोसळल्या. मृतांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. सगळ्यात मोठा घाव जुईवर बसला. एका तालुक्यातली चार गावं, एकाच पावसात.

त्या दिवशी या गावांना मुंबईइतकीच मदत हवी होती, पण त्यांच्याकडे मुंबईसारखा आवाज नव्हता. महाड शहर पाण्यात. महामार्ग जागोजागी तुटलेला. फोन बंद, वीज बंद. दरड कोसळल्याची बातमी तालुक्याला पोचवायची तर माणसानेच चालत जायचं, आणि चालायच्या वाटेवर छातीइतकं पाणी. बाहेरची पथकं येईपर्यंत शेजारच्या वाड्यांतले लोक फावडी, कुदळी आणि हातांनी माती उपसत होते. दरडीखाली सापडलेला माणूस वाचण्याची खरी आशा पहिल्या काही तासांतच असते. ते तास संपूर्णपणे गावाच्या स्वतःच्या हातात होते, आणि गावाच्या हातात अवजार म्हणून शेतीचंच काय ते होतं. जिवंत माणूस बाहेर काढतो तो बहुतेक वेळा शेजारीच. या जिल्ह्यातल्या प्रत्येक संकटात हेच दिसलं, तरी आपली बहुतेक तयारी बाहेरून येणाऱ्या पथकाची असते, शेजाऱ्याची नसते.

2005 संपायच्या आत देशाला आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा मिळाला. त्यामागे आदल्या डिसेंबरमधली त्सुनामी होती, तरी महाराष्ट्रात तो वाचला गेला तो 26 जुलैच्या उजेडात. 23 डिसेंबर 2005ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, वर राज्याचं, त्यावर राष्ट्रीय. 2006मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं आणि महाराष्ट्रासाठीची पाचवी तुकडी पुण्याजवळ तळेगावला बसली. योगायोग असा, की 2005मध्येच संयुक्त राष्ट्रसंघही याच प्रश्नाशी झगडत होता. मदतीला धावलेल्या संस्थांची एकाच गावात गर्दी आणि शेजारचं गाव कोरडं, हा अनुभव जगभरचा. त्यावर त्यांनी तोडगा काढला : पाणी, निवारा, आरोग्य, अन्न असे गट पाडायचे, प्रत्येक गटाची जबाबदारी एका संस्थेवर, आणि सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून रोज हिशोब जुळवायचा. ऑक्टोबर 2005च्या पाकिस्तानातल्या भूकंपात ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. आपल्या कायद्यात ते टेबल जिल्हाधिकाऱ्याचं आहे. कागदावर रचना चांगलीच आहे. प्रश्न उरतो तो टेबलाभोवती कोण बसतं हा. स्वयंसेवी संस्था, गिर्यारोहक, कोळी सोसायट्या, व्यापारी संघ यांना निमंत्रण पूर आल्यावर गेलं तर उपयोग नाही; ते मे महिन्यात जायला हवं.

2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक प्रवासी मोटार नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं दगावली. पूल नाही हे पहिल्यांदा ओळखलं ते पुलालगतच्या गॅरेजमधल्या माणसांनी. त्यांनी धावत जाऊन रस्ता अडवला, पोलिसांना कळवलं, आणि मागून येणारी वाहनं वाचली. पुढचे कितीतरी दिवस नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ आणि स्थानिक होड्या सगळे एकाच नदीत शोध घेत होते. पुराच्या लोंढ्याने माणसांना खूप दूर, बाणकोट खाडीच्या मुखाकडे आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं होतं. खाडीचं पाणी ओहोटीला कुठे ओढतं, कुठल्या वळणावर वाहून आलेलं लाकूड अडकतं, हे खाडीतला मच्छीमार पिढीजात जाणतो. पाणबुड्याकडे साधनं आणि कोळ्याकडे खाडीची ओळख. ही दोन्ही एका होडीत बसणं हाच समन्वय, आणि त्यासाठी शासनाला फार मोठा खर्चही येत नाही. नवा पूल मात्र विक्रमी वेगात उभा राहिला. जून 2017मध्ये तो वाहतुकीला खुला झाला.

पूल वाहून गेल्यावर दोन वर्षांनी, ऑगस्ट 2018मध्ये, केरळने याच बाबतीत देशाला धडा घालून दिला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि आतल्या बुडालेल्या जिल्ह्यांत नेल्या. साडेसहाशेहून अधिक होड्या आणि सुमारे 65,000 सुटका, असा तिथला हिशोब आहे. पुढच्याच वर्षी, 8 ऑगस्ट 2019ला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि 17 जण बुडाले. सुटकेसाठी थांबलेल्या गावाकडे बोट एकच आणि चढणारे अनेक, हे त्या अपघाताचं कारण. करंजा, मोरा, रेवसच्या बंदरांत जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. ट्रक आणि ट्रेलर तर जेएनपीटीमुळे उरणच्या रस्त्यावर मुंगीसारखे. रायगडात केरळसारखी व्यवस्था उभी करायला यापेक्षा सोयीची जागा कुठली असणार?

मग आला जुलै 2021. करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. 22 जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. महाड बुडालं. रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण गिळलं. चिपळूणच्या एसटी आगारातले कर्मचारी आगाराची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले. त्याच शहरात एका कोविड रुग्णालयात वीज गेल्यावर आठ रुग्ण दगावले. पूर आणि साथ एकत्र आली की मदतीचं गणितच बदलतं. लोकांना शाळेत एकत्र आणायचं की वेगळं ठेवायचं, हा प्रश्न 2005च्या कुठल्याही आराखड्यात नव्हता.

त्याच दिवशी दुपारी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला. मृत्यू ऐंशीच्या पुढे गेले. कित्येकांचे देह मिळालेच नाहीत, शोध थांबवल्यावर त्यांना मृत जाहीर करावं लागलं. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. महाड शहराला पुराचा वेढा, वाटेवर आणखी दरडी, हेलिकॉप्टरला हवामान साथ देईना. मोठी पथकं तळियेला पोचली ती दुसऱ्या दिवशी. सोळा वर्षांत मोबाइल खिशात आले, कायदा आला, दल आलं. तरी पहिली रात्र पुन्हा गावाचीच राहिली.

हवामान आणि डोंगर यांच्यावर कुणाचा ताबा नाही, त्यामुळे यंत्रणेला सरसकट दोष देणं मला पटत नाही. पण दल तळेगावला आणि संकट सावित्रीच्या खोऱ्यात, मधे भरलेले घाट, ही रचना बदलता येण्यासारखी होती. ती बदलली. 2021नंतर पावसाळ्यात एनडीआरएफचं पथक महाडला आणून ठेवायची पद्धत पडली, आणि सावित्रीतला गाळही काढला गेला. हे दोन्ही निर्णय महाडकरांनी लावून धरले म्हणून झाले, हे लिहून ठेवायला हवं.

आता पळस्प्यावरच्या त्या रांगेकडे वळू. कोकणातला पूर एका दिवसात येतो आणि ओसरतो, आणि मागे ठेवतो तो गाळ. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, लालसर, चिकट, सांडपाणी आणि डिझेल मिसळलेला. पहिल्या दोन दिवसांत तो पाण्याच्या जोराने धुऊन निघतो. एकदा सुकला की त्याला कुदळच लावावी लागते, आणि पावसाने पुन्हा भिजला की त्याला दुर्गंधी सुटते. म्हणजे पूर ओसरल्यावर पहिले अठ्ठेचाळीस तास हवे असतात पंप, जनरेटर, टँकर, जेटिंग मशीन, फावडी, घमेली, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, टॉर्च. मग शेगडी, भांडी, चादरी, सॅनिटरी पॅड, बाळांचं दूध, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. 2021मध्ये नवी मुंबई आणि ठाणे महापालिकांनी सफाई कामगार आणि यंत्रं घेऊन पथकं पाठवली. त्या आठवड्यातली सर्वांत उपयोगी मदत कोणती, असं विचारलं तर मी या कामगारांचं नाव घेईन. दुसऱ्याच्या गावातला गाळ उपसायला गेलेल्या त्या माणसांचे फोटो फारसे छापून आले नाहीत.

बाटलीबंद पाण्याचं उदाहरण घ्या. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे पिणं, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता धरून माणसाला दिवसाला किमान 15 लिटर पाणी लागतं. एक लिटरच्या बाटल्यांनी भरलेला टेम्पो एका गल्लीची एका दिवसाची गरजही भागवू शकत नाही, आणि प्लास्टिकचा ढीग मागे ठेवून जातो. तेवढ्याच पैशात पाणीपुरवठ्याचा चिखलात गेलेला पंप दुरुस्त झाला तर शहराला पाणी मिळतं. धान्याचंही तसंच. 2021मध्ये शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना 10 किलो गहू, 10 किलो तांदूळ, डाळ आणि रॉकेल जाहीर केलं. गहू चांगलाच, पण गिरणी गाळात असली तर तो पोत्यातच राहतो. आणि कोकणातल्या घराला पहिल्या दिवशी आठवतो तो भात. कपड्यांची गाठोडी तर विचारूच नका. जगभर मदतकार्यात काम करणारे लोक या न मागता आलेल्या ढिगाऱ्याला दुसरी आपत्ती म्हणतात, कारण ते उतरवायला, निवडायला आणि ठेवायला तीच माणसं आणि तीच कोरडी जागा अडकते जी माणसांसाठी हवी असते. शाळेचा एकुलता एक कोरडा वर्ग जुन्या कपड्यांनी भरला तर ओली म्हातारी माणसं व्हरांड्यात राहतात.

द्यायचं तर आधी विचारायचं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक त्यासाठीच आहे. आज महाडला काय पोचलं, बिरवाडीला काय पोचलं नाही, पोलादपूरची कुठली वाडी तुटलेली आहे, हे दिवसातून दोनदा फळ्यावर लिहून बाहेर जाहीर केलं तर पळस्प्याच्या रांगेतला निम्मा माल योग्य रस्त्याला लागेल. ज्या संस्था हे काम गेल्या काही वर्षांत शांतपणे करतात, आधी दोन माणसं पाठवून यादी आणतात आणि मग गाडी भरतात, त्यांच्याकडून शासनानेही शिकावं.

पूर ओसरला की येतो पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक आणि दोन पंच चिखलातून घरोघर फिरतात. घर पूर्ण पडलं की अंशतः, भिंत कच्ची की पक्की, भांडी गेली की कपडे गेले, जनावर मोठं की लहान. प्रत्येक रकान्याचा वेगळा दर. घरवाल्याकडे मागितला जातो आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि ते सगळं सावित्रीने नेलेलं. 2019च्या महापुरात एक अट गाजली : घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असेल तर मदत. कृष्णेच्या काठी, जिथे पाणी आठवडाभर हललं नाही, तिथेही ही अट लोकांना झोंबली. सावित्री आणि वाशिष्ठीच्या काठी तर ती लागूच पडत नाही, कारण इथलं पाणी बारा-पंधरा तासांत माळ्यापर्यंत चढून उतरतं आणि घर तेवढ्यातच धुऊन नेतं. 2021मध्ये ही अट शिथिल झाली, शासनाने साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण पंचनाम्याचा नमुना अजून मनाने दुष्काळातच आहे. तो नुकसान मोजतो. उद्या सकाळी दुकान उघडायला या माणसाला काय लागेल, हे विचारत नाही. महाडच्या पेठेतल्या शिंप्याचं मशीन, वडापावच्या गाडीवरची शेगडी, झेरॉक्सवाल्याचं यंत्र, ही त्या घरांची शेतंच आहेत.

आणि शेवटी घर. मदतीची सगळी गर्दी पंधरा दिवसांची. घराचा प्रश्न वर्षांचा. दासगावच्या दरडग्रस्तांना 2005नंतर तात्पुरत्या पत्र्याच्या शेड मिळाल्या. 2021मध्ये तळियेवर दरड कोसळली तेव्हाही दासगावची काही कुटुंबं त्याच शेडमध्ये होती. सोळा पावसाळे. शेडमध्ये जन्मलेलं मूल दहावीला पोचलं होतं. दासगाव महामार्गावरचं गाव आहे. 2016ला आणि 2021ला पळस्प्याहून महाडकडे गेलेली मदतीची प्रत्येक गाडी त्या गावातून गेली. उरणच्या लोकांना हे दुखणं नवं नाही. जेएनपीटी बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याला जी जागा मिळाली तिथे वाळवीने घरं पोखरली, आणि तिथे वसलेल्या हनुमान कोळीवाड्याचं पुनर्वसन पिढी उलटली तरी भांडणातच राहिलं. 'तात्पुरतं' हा शब्द सरकारी कागदावर आला की त्याला तारीख जोडायची सक्ती हवी, असं या जिल्ह्याचा इतिहास पाहून मला ठामपणे वाटतं.

19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीला रस्ता नव्हता. चौकजवळून चिखलातली दीड तासाची चढण. पोकलेन वर नेता येईना, हेलिकॉप्टर उडू शकेना. वाडीतली काही मुलं शाळेच्या इमारतीत होती म्हणून वाचली, आणि बातमी खाली आली. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे स्थानिक गिर्यारोहक रात्रीच वर गेले. नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक जवान चढताना हृदयविकाराने गेला. एनडीआरएफच्या जवानांनी कुदळ-फावड्याने माती काढली, सिडकोने मजूर पाठवले, पाण्याच्या बाटल्यांपासून स्ट्रेचरपर्यंत सगळं माणसांच्या पाठीवरून वर गेलं. 27 मृतदेह मिळाले. 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबला.

मदतीच्या बाजूने पाहिलं तर इथे 2005पेक्षा बरंच काही वेगळं होतं. पायथ्याशी एकच तळ, तिथूनच नोंद, तिथूनच माणसं वर. बघ्यांची गर्दी आवरायला जमावबंदी लावली गेली. वाचलेल्यांना कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि कायमच्या 44 घरांचं काम सिडकोकडे दिलं. दासगावच्या शेड डोळ्यांसमोर असल्यावर हा फरक लहान नाही.

पण इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे विधिमंडळातच सांगितलं गेलं. यादी महसुली गावांची असते; ठाकर, कातकरी, धनगरांच्या वाड्या गावाच्या नावाखाली झाकल्या जातात. रायगडच्या डोंगरात अशा वाड्या शंभरांनी आहेत. भूवैज्ञानिकाने प्रत्येक उतार तपासायला वर्षं लागतील. तोवर प्रत्येक वाडीपुरतं एक पान पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मिळून मे महिन्यात लिहू शकतात : घरं किती, चालता न येणारे कोण, शाळेची किल्ली कुणाकडे, मोबाइलला रेंज कुठल्या खडकावर मिळते, दोर आणि पहारी कुठे ठेवल्या आहेत, रात्री खाली उतरायची सुरक्षित वाट कोणती, आणि पहिला फोन कुणी कुणाला करायचा. त्या पानाची एक प्रत तहसीलदाराच्या टेबलावर, एक जवळच्या गिर्यारोहक संस्थेकडे आणि एक वाडीत, पावसाला भिजणार नाही अशी.